मंडईची वर्गणी

जागेश्वर दिवाणजींनी काटकसर सुरू केली आणि त्यांच्या बायकोच्या, चंद्रभागाबाईंच्या, कमरेचे टाके ढिले झाले.

दिवाणजी शहापूरच्या एका राइस मिलमध्ये कामाला होते. ब्याऐंशी साली धान कमी पिकले, मिल अर्धाच दिवस चालू लागली आणि पगारही अर्ध्यावर आला. दिवाणजींनी हाय खाल्ली नाही. उलट रोज जेवताना ते नवी बचत जाहीर करू लागले. चक्कीवर दळण कशाला, घरात जाते आहे. दळायचे कोणी? चंद्रभागाबाईंनी. साबण बंद, रिठे आहेत. ते भिजवून, चोळून धुणे आपटायचे कोणी? त्यांनीच. रॉकेल नको म्हणून मिलमधले तूस फुकट आले. चुलीत ते मूठमूठ टाकत बसावे लागे, हात थांबला की घरभर धूर. दिवाणजी खाटेवरून म्हणत, "पाय, कसं बिनखर्चात चालून राहिलं."

दिवाळी झाली. गावची मंडई जवळ आली. दिवसा जत्रा, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुणे. दिवाणजी म्हणाले, "औंदा पावने नोको. एकोडीले निरोप धाड."

एकोडीला चंद्रभागाबाईंची धाकटी बहीण, सुलोचना. ती वर्षातून एकदाच, मंडईलाच येई. तेवढ्यावर बाई वर्ष काढत.

"माही बहीण येईल," बाई म्हणाल्या. "वडे नाई जमले त वरण-भात खाईल."

"दिवाणजीच्या घरी पावन्याले वरण-भात? लोकं काय मनतीन?"

"अन् बहिणीले येऊ नोको मनलं, त लोकं आरती करतीन?"

दिवाणजींनी तोंड फिरवले. निरोप धाडायचा हट्ट मात्र सोडला नाही.

दुसऱ्याच सकाळी नाट्य मंडळाचे गोमाजी चार पोरे घेऊन वर्गणीला आले. दिवाणजींची वर्गणी दरवर्षी भरघोस असे, कारण नाटकाच्या मध्यंतरात भोंग्यावर त्यांचे नाव पुकारले जाई. आताही त्यांचा हात खुंटीवरच्या सदऱ्याकडे गेला. बाईंच्या डोक्यात तिडीक उठली. बहिणीला वरण-भात जड आणि भोंगा हलका?

"गोमाजीभाऊ," त्या दारातून म्हणाल्या, "औंदा आमच्या घरी काटकसर हाय. पैसे नाई. पण नाटकाचा खड्डा खोदाले हे येतीन."

मागच्यांना रंगमंच दिसावा म्हणून नाटकासाठी मोकळ्या वावरात उतरता खड्डा खोदत, आणि माणसे कमी पडत.

"दिवाणजी फावडं धरतीन?" गोमाजींनी विचारले.

"काहून नाई? अंगमेहनतीनं पैसा वाचते, हे रोज तेच त सांगतेत मले."

पोरे खाली बघून हसू लागली. दिवाणजींना आपलेच बोलणे गिळता येईना.

"मंग उद्या सकाळी या," गोमाजी खूश होऊन म्हणाले. "टोपी घरीच ठेवजा."

खोदण्याच्या धबडग्यात निरोप धाडायचा राहिला तो राहिलाच. मंडईच्या सकाळी खड्ड्याची एक बाजू अजून बाकी होती. बाई शिदोरी घेऊन आल्या, तोच एकोडीची बैलगाडी शेजारी थांबली.

"भाऊजी, मातीत काई हरपलं का?" सुलोचनाने गाडीतूनच विचारले.

दिवाणजी फावड्यावर रेलले. "नाई वो. तुमच्या जेवनाचा खर्च काढून राहिलो."

"मंग जरा खोल खोदा. मी लेकरं बी आणली."

चंद्रभागाबाईंनी शिदोरी बांधावर ठेवली आणि त्या पदर खोचून गाडीत चढल्या.

"माह्यासाठी थांब ना," दिवाणजी म्हणाले.

"तुमी या सावकाश," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बहिणीचे धाकटे पोर मांडीवर ओढले. "आमाले बोलाचं हाय."