मंगळवारचा पाय

"न्हाई ओ म्याडम! त्यो पाय न्हाई त्येंचा! त्यो ह्याचा हाय, ह्या लबाड भावजीचा!"

वहिनी दारातूनच ओरडत आली. डोक्यावर भाकरीची रिकामी पाटी, पदर कुठल्या कुठे, आणि आवाज असा की सिरसाळ्यापर्यंतची कुत्री उठून उभी राहिली असतील. मी बाजेवर बसून डावी टाच मोबाईलसमोर धरली होती. मोबाईलमधली सिस्टर नुकतीच म्हणाली होती, "छान ठेवलाय हो पाय, बाबा." मीही दादासारखा घसा खाकरून "व्हय माय" म्हणालो होतो.

त्या सिस्टरला आम्ही कधी समोरासमोर पाहिलं नव्हतं. दर मंगळवारी दुपारी सरकारी दवाखान्यातून तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिचा फोन सुरू होण्याआधी माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या रक्तात इतकी साखर होती, की त्याला पिळला असता तर एखादा कारखाना हंगामभर चालला असता. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा आणि मेंढरांमागे चालता चालता मटकन बसायचा. सिस्टरनं त्याला इंजेक्शन घ्यायला शिकवलं, औषधाची बाटली माठाच्या गारव्याला ठेवायला लावली, भाकरी किती आणि कधी खायची ते सांगितलं. दादा रोज सकाळी बोट टोचायचा आणि आलेला आकडा मेंढरं रंगवायच्या गेरूनं भिंतीवर लिहायचा. आकडे उतरत गेले. दादा पुन्हा दिवसभर चालायला लागला. तोवर सगळं खरं होतं, हे आधी सांगून ठेवतो; माझ्या तोंडून खरं निघालं की लोकांना शंका येते.

घात झाला तो पायावर. सिस्टर आकडा विचारायची आणि मग म्हणायची, "आता पाय दाखवा." दादाकडे साधा बटणाचा फोन, व्हिडिओवाला माझ्याकडे. चारा संपला तसा दादा कळप घेऊन लांबच्या माळावर गेला, तिथं व्हिडिओला रेंज नाही. मंगळवारी दुपारी त्याला घरी आणायचं म्हणजे मेंढरं वाऱ्यावर. आणि दोन कॉल चुकले की नाव कटतं, औषध बंद होतं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. ऐकलं होतं की मीच रचलं होतं, देव जाणे. मग आकडा मी भिंतीवरचा जुनाच वाचून दाखवला आणि पाय माझा दाखवला. असे तीन मंगळवार. रंग एकच, भेगा सारख्याच, एकाच आईची लेकरं आम्ही. सिस्टरनं विचारलं, "चप्पल पायातून निसटली तर कळतं का, बाबा?" मी म्हणालो, "लोखंड हाय माय, लोखंड."

माळावर निघायच्या आदल्या दिवशीच दादाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. काटा मोडला की आमच्यात बिब्बा देतात. दाभणाला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की जखमेवर टेकवायचा. धड गडी असला तरी बोंबलतो. मी टेकवला तेव्हा चर्र आवाज झाला, कातडी जळाल्याचा वास सुटला आणि दादा मात्र गाभण मेंढीची गोष्ट सांगतच राहिला. पापणीसुद्धा हलली नाही.

मला काय, आयतंच सापडलं. पारावर सांगितलं तेव्हा बिब्बा एक होता. सिरसाळ्याच्या बाजारात पाच झाले. उमापूरला सोयऱ्यांकडं गेलतो, तिथं मी लाल तापलेली पहार टेकवली आणि दादानं त्यावर बिडी पेटवून घेतली. लोक दादाला बघायला माळावर जायचे. "आमचा दादा म्हंजे दगड हाय बे!" मी सांगायचो. सिस्टरला मात्र बिब्ब्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ती रागावली असती.

त्या मंगळवारी वहिनी माळावर भाकरी घेऊन गेली तर दादाची चप्पल ओली. पाऊस नाही, ओढा नाही. जवळ गेली तर वास. ती पळत घरी आली, तेव्हा मी पाय वर करून बसलेला.

सिस्टर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आजच्या आज अंबाजोगाईच्या दवाखान्यात घेऊन जा. चालवू नका त्यांना. मी तिथं कळवते."

जीपमध्ये दादा माझ्या मांडीवर पाय ठेवून बसला. त्या वाटेवर मी एकही गोष्ट सांगितली नाही. डॉक्टरांनी बघितलं, हाडापर्यंत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या खालून कापला.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं म्हणून माझी जीभ पुन्हा वळवळली. मी पहारीपर्यंत पोचलो होतो. पट्टी बदलणारी बाई मान वर न करता म्हणाली, "सहन नव्हते करत ते. त्यांना कळतच नव्हतं. साखरेनं पायाची जाणीव गेली होती."

म्हाताऱ्यानं कूस बदलली. बाई ट्रे घेऊन गेली. दादा छताकडं बघत होता, चादर एका बाजूला सपाट पडलेली. दिवसाला दहा-बारा मैल चालणारा गडी.

"दादा," मी म्हणालो, "बिब्बा दिला तवा खरंच कायबी कळलं न्हाई?"

"न्हाई."

"कवापासून?"

"झालं की वरीस."

"मंग बोलला कावून न्हाईस, मर्दा? मला न्हाई, तर त्या सिस्टरला तरी?"

दादानं पाणी मागितलं. मी दिलं. तो प्यायला, पेला माझ्या हातात दिला.

"तू गावभर सांगत सुटलतास," तो म्हणाला. "लई खूश व्हतास."