भूकंपरावांची काठी

भूकंपराव घळीच्या काठावर गाइड होते आणि बावीस वर्षं पर्यटकांना एकच थाप मारत होते. थाप म्हणायची आपण. त्यांचा स्वतःचा तिच्यावर गाढ विश्वास होता, आणि तिथंच तर सगळी पंचाईत होती.

थाप अशी. फार फार पूर्वी इथं सपाट माळ होता. एके दिवशी दुपारी सव्वादोनला धरणी हलली. "आणि ठाक! ठाक! ठाक!" लोखंडी टोकाची काठी कठड्याजवळच्या खडकावर तीनदा आपटून भूकंपराव डोळे विस्फारत, "जमीन दुभंगली! टराटरा फाटली, जुन्या चादरीसारखी!" मुलं किंचाळत, मोठी माणसं दोन पावलं मागं सरत, आणि एखादा चष्मेवाला हटकून विचारी, "तेव्हा माणसंच नव्हती, मग सव्वादोन वाजलेले कुणी पाहिले?" भूकंपराव त्याच्याकडे अशा नजरेनं बघत, की तो बिचारा स्वतःचंच घड्याळ तपासायला लागे. ह्या कथेवरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. खरं नाव पगारपत्रकात कुठंतरी असेल.

सगळं झकास चाललं होतं, तेवढ्यात कचेरीला शास्त्राची हुक्की आली. फर्मान निघालं: प्रत्येक गाइडनं घळीच्या भूगर्भाची परीक्षा द्यायची. नापास होईल त्यानं पितळी बिल्ला जमा करून वाहनतळावर शिट्टी फुंकायला जायचं. वाहनतळ! जिथून घळ दिसतसुद्धा नाही! भूकंपरावांच्या पायाखालची जमीन पहिल्यांदा खरोखर सरकली.

लेखी परीक्षेत पहिलाच प्रश्न होता, घळ कशी झाली? दहा गुण. भूकंपरावांनी तीनदा 'ठाक' लिहिलं आणि शेजारी फाटलेल्या जमिनीचं चित्र काढलं. चित्राला एक गुण मिळाला. आता उरली होती तोंडी परीक्षा, तीही प्रत्यक्ष पर्यटकांसमोर. ही गेली की बिल्ला गेला.

त्यांची बायको घळीच्याच तिकीटखिडकीत बसायची. तिनं घरी कचेरीची पुस्तिका उघडली आणि नवऱ्याची उजळणी घ्यायला सुरुवात केली. वाळू आणि चिखल साचून थर झाले, पाठ. सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना, पाठ. मग जमीन हळूहळू वर आली आणि नदीनं ती कापली. इथं गाडी अडली.

"ती नदी? अगं, शेळी गुडघे न भिजवता पलीकडे जाते! तिनं एवढं खोदलं? माझ्या डोळ्यांत बघून सांग!"

"अहो, तुम्हाला पटायला नको. परीक्षेपुरतं म्हणा."

"म्हणजे नोकरीसाठी खोटं बोलू?"

आता बोला! बावीस वर्षं सव्वादोनचा भूकंप विकणारा माणूस सत्याला चिकटून बसला. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला आणि पुस्तिका मिटली.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक म्हणून आल्या एक तरुण बाई. पायांत जाड बूट, पिशवीत हातोडी, तोंडावरची माशी हलत नव्हती. दहाबारा पर्यटकांमागं त्या वही घेऊन उभ्या राहिल्या. भूकंपरावांनी घसा खाकरला आणि चक्क बरोबर सुरुवात केली. कड्यातले पट्टे दाखवले, गाळ सांगितला, थर सांगितले. समोरच्या कड्यातही तेच पट्टे त्याच क्रमानं आहेत, म्हणजे पूर्वी हे सगळं सलग होतं, असंही सांगून टाकलं. बाईंनी मान डोलावली. खिडकीतून बायकोनं देवाला हात जोडले.

"छान," बाई म्हणाल्या. "नुसतं फाटलं असतं, तर दोन्ही काठ जवळ आणल्यावर नीट जुळले असते. जुळतील?"

भूकंपरावांनी पाहिलं. ह्या काठाला इथं पुढं आलेलं पोट होतं आणि समोरच्या काठालाही बरोबर तिथंच. बावीस वर्षांत हे कधी दिसलंच नव्हतं. "नाही जुळणार," ते पुटपुटले.

"मग मधला दगड गेला कुठं?"

उत्तर पाठ होतं, पण पटत नव्हतं. सगळे तोंडाकडे बघायला लागले. आणि अशा वेळी माणूस सवयीचं तेच करतो. "आणि ठाक!" ते ओरडले. "ठाक!" दुसऱ्या ठोक्याला खडकातल्या खड्ड्यातलं पाणी उडून बाईंच्या बुटांवर पडलं आणि काठीचं टोक आत रुतून बसलं. ओढलं, निघेना. दोन्ही हातांनी ओढलं, तरी निघेना. एका मुलानं टाळ्या वाजवल्या.

"हा खड्डा कसला?" बाईंनी विचारलं.

"पहिल्यापासून आहे," भूकंपराव काठीशी झोंबत म्हणाले.

"कसला पहिल्यापासून!" बायको खिडकी सोडून तरातरा आली. "नोकरीच्या पहिल्या दिवशी आपण ह्याच दगडावर डबा ठेवून जेवलो. पाटासारखा सपाट होता. सातआठ वर्षांनी डबा कलंडायला लागला, तेव्हापासून मी तो मांडीवर धरते. तुमच्या काठीनं केलाय हा खड्डा! लक्षात तरी आलं का कधी?"

काठी एकदाची सुटली. भूकंपराव उकिडवे बसले आणि त्यांनी खड्ड्यात हात घातला. चार बोटं मुळापर्यंत आत गेली. बोटांना बारीक वाळू लागली. रोज आठ फेऱ्या, फेरीला तीन ठोके. दगडाचा टवका उडालेला त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. मग त्यांनी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. नदी तांबडी, गढूळ वाहत होती.

"तिला सुट्टी नसते," ते हळूच म्हणाले. "आणि माझ्याआधी लाखो वर्षांपासून कामाला आहे. मधला दगड तिनं नेलाय, बाई. कणाकणानं. अजून नेतेय, पाण्याचा रंग बघा." त्यांनी बोटांना चिकटलेली वाळू पाहिली. "आणि मी बावीस वर्षं तिच्या डोक्यावर उभं राहून तिचं काम भलत्याच्याच नावावर खपवत होतो. लाज वाटते हो."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. भूकंपराव पास झाले. बिल्ला राहिला. मात्र निकालाखाली तांबड्या शाईत शेरा होता: नैसर्गिक खडकाची हानी केल्याबद्दल समज देण्यात येत आहे, काठीला ताबडतोब रबरी टोपण बसवावं.

दुसऱ्या दिवशी टोपण बसवून ते पर्यटकांसमोर उभे राहिले. थर सांगून झाले. सवयीनं काठी उचलून खाली आणली, तर आवाजच नाही. लोक पुढच्या वाक्याची वाट बघत गप्प उभे. त्या शांततेत खालून खळखळ ऐकू आली.

जेवणाच्या सुट्टीत ते त्या दगडापाशी बसले आणि त्यांनी डबा बायकोच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"अगं, नदीचा आवाज इथवर येतो! बावीस वर्षांत मला एकदाही ऐकू आला नाही."

"माझा तरी कुठं आला होता?" बायको म्हणाली, आणि तिनं डब्याचं झाकण उघडलं.