व्हय म्हाराजा

धाकट्या भावाचं गोव्यात ऑपरेशन चाललं होतं आणि आई घरी बसायला तयार नव्हती. म्हणून मालवणातून दिवसभरासाठी रिक्षा ठरवली. आधी कुणकेश्वर, मग मसुऱ्याची भराडी देवी. वाटेत आईने रिक्षावाल्याला सगळं सांगून टाकलं. तो हूं सुद्धा म्हणाला नाही. कुणकेश्वराला तर आत आलाच नाही, पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिला. मला त्याचा रागच आला.

जत्रा नसल्यामुळे भराडीला शुकशुकाट होता. पुजाऱ्याने भावासाठी गाऱ्हाणं घातलं. त्यातल्या प्रत्येक मागण्यानंतर सोबतच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. आई रडत होती, माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" रिक्षावाला अनवाणी उभा होता, काच पुसायचं फडकं छातीशी धरून.

बाहेर आल्यावर म्हणाला, "घरच्यांचो गळो दाटता. म्हणान व्हय म्हणाक परको माणूस होयो."

परतताना गोव्याहून भावजयीचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला. भाऊ शुद्धीवर आला होता, चहा मागत होता. रिक्षावाल्याने रिक्षा कडेला घेतली आणि मागे वळून हळूच विचारलं, "व्हय म्हाराजा?"

मी तोंड उघडायच्या आत आई ओरडली, "व्हय म्हाराजा!"