झोप आणणारी कादंबरी

मी उंबऱ्यावर पालथी पडले होते. डोकं अंगणात आणि पाय खोलीत. फरशीचा गारठा गालाला लागत होता आणि उलटी होत होती. मागे खोलीत तिघी बायका होत्या. त्यांना हाक मारायची होती, पण जीभ वळत नव्हती. कशीबशी मान फिरवून पाहिलं, तर तिघी बसल्या जागी कलंडलेल्या. मधे सिगडी, तिच्यात लाल निखारे. धुराचा मागमूस नाही.

ग्वाल्हेरच्या थंडीत आम्ही सगळ्याच सिगडी अंगणात पेटवायचो आणि धूर गेला की खोलीत न्यायचो. धूर गेला म्हणजे धोका गेला, असं आमच्या आयांनी सांगितलं होतं. आम्हीही मुलींना तेच सांगत होतो. बिनधुराच्या निखाऱ्यांचा वायू बंद खोलीत माणूस मारतो आणि त्याला वास नसतो, हे त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

माधवगंजातल्या आमच्या गल्लीत शेजारच्या काकूंकडे दुपारी जमून कादंबरी ऐकायची आमची पद्धत होती. काकूंच्या घरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या दफ्तरात. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, तेव्हा त्यांच्या मुलाची खुर्ची तीच राहिली, दारावरची पाटी तेवढी बदलली. मग मध्यभारतही मोडलं, राजधानी भोपाळ झाली आणि मुलाला तिकडे जायचा हुकूम आला. सगळ्या गल्लीत हेच चाललं होतं. कोणाच्या ना कोणाच्या दारात सामानाचा ठेला उभाच असे. ज्यांना हुकूम आला नव्हता ते जास्त घाबरलेले होते. माझ्या घरीही नवरा संध्याकाळी आला की मी आधी त्याचं तोंड बघायची.

काकूंना मोतीबिंदूमुळे दिसत नसे, म्हणून त्यांची सून मोठ्याने वाची. ऐकायला मी आणि कोपऱ्यावरची एक बाई. तिचा सासरा संस्थानच्या घोडदळात होता, म्हणून गल्ली तिला पागेवाली म्हणे.

त्या दिवशी काकूंनी सांगून टाकलं, "आज संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. उद्या पुस्तक वाचनालयात जाईल, परवा आम्ही भोपाळला. तिकडे मला कोण वाचून दाखवणार आहे?"

नेहमीच्या माजघरात नव्या भाडेकरूंचं सामान येऊन पडलं होतं. आम्ही मागच्या लहान खोलीत बसलो. तिथल्या एकुलत्या खिडकीपुढे काकूंच्या ट्रंका आणि बिछान्यांच्या वळकट्या छतापर्यंत रचलेल्या. दाराखालून वारा येत होता, म्हणून पागेवालीने फटीत पोतं कोंबलं. काकू सिगडीला सगळ्यांत जवळ, रजई पांघरून, वळकटीला टेकून.

कादंबरी होती एका देशमुखाच्या बायकोची. नवरा लढाईवर जातो आणि ती खिडकीत उभी राहून वाट बघते. बस, एवढंच. काकूंना ती फार आवडली होती. त्या म्हणत, "काय लिहिलंय! आमच्या आजोळचं घर डोळ्यांपुढे उभं राहतं."

पागेवाली म्हणाली, "घर राहू दे काकू. रात्रभर दौडवलेल्या घोड्याला त्या देशमुखाने थेट पाणी पाजलं. असा घोडा सकाळी मरतो. लेखकाने घोडा तसबिरीत पाहिला असणार."

मी म्हटलं, "मला ती बाईच पटत नाही. पहिल्याच महिन्यात माहेरी निघून जायचं होतं."

"तू चौथी पास," काकू म्हणाल्या. "तुला विरह काय कळणार?"

"विरह नाही कळत. थंडीत खिडकीत उभं राहिलं की सर्दी होते, तेवढं कळतं."

सून हसली. मग तिने मोठी जांभई दिली आणि पुढे वाचू लागली.

तिची जांभई पागेवालीला लागली, पागेवालीची मला. काकू म्हणाल्या, "अगं, निदान तोंडावर हात ठेवा." पागेवाली म्हणाली, "माझं डोकं धरलंय. एवढं वर्णन कोणी लिहितं का? पालखीचे गोंडेसुद्धा सोडले नाहीत." माझंही कपाळ ठणकत होतं. मी सगळा राग त्या लेखकावर काढला. थंडी वाजते म्हणून सुनेने आणखी कोळसे घातले.

थोड्या वेळाने सून अडखळायला लागली. शब्द ओढत होती.

मी म्हटलं, "हे पान मघाशी झालं ना?"

"अरे भई, आगे तो बढ़ो," पागेवाली म्हणाली. तिला धड बसवत नव्हतं.

सून म्हणाली, "मी पुढेच वाचतेय. लेखकच तेच तेच लिहितो." आणि तिने पुन्हा तेच पान वाचलं.

काकूंनी डोळे मिटले होते. आवडता भाग आला की त्या डोळे मिटूनच ऐकत. म्हणून कोणी त्यांना काही विचारलं नाही.

मला आता चीड आली होती. त्या बाईचा नवरा येवो की मरो, मला सोयरसुतक नव्हतं. मी म्हटलं, "मी चालले. माझी डाळ शिजायची आहे." काकूंनी अडवलं नाही, याचंच नवल वाटलं. उठले. भिंत धरून दारापर्यंत गेले, पोतं पायाने सारलं, कडी काढली आणि बाहेर कोसळले. माझ्या अंगाने दार उघडं राहिलं.

समोरच्या जिन्यावर मथुरेकडची एक भाडेकरीण पापड वाळवत होती. ती वरूनच म्हणाली, "ए बाई, भांग पी ली क्या?" मी उठेना, तशी ती खाली आली. आत डोकावली. पदर नाकाला लावून तिने आधी सुनेला बगलेत धरून ओढलं, मग पागेवालीला. दोघी अंगणात पडून ओकत होत्या. काकू तिला वळकट्यांमधे वळकटीसारख्याच दिसल्या. सून "आई, आई" करायला लागली, तेव्हा ती परत आत गेली.

काकूंचा चेहरा गुलाबी होता, थंडीतून फिरून आल्यासारखा. आम्हांला वाटलं, ठीक आहेत. डॉक्टर आला, त्याने नाडी पाहिली, डोळे उघडून पाहिले आणि आधी सिगडी बाहेर काढायला सांगितली; तो गुलाबी रंग त्या वायूचाच, म्हणाला.

मुलगा कचेरीतून धावत आला. त्याला हजर व्हायला पुढची तारीख मिळाली, काकूंचं तेरावं करून ते भोपाळला गेले.

आम्ही चौघी आत बसलो होतो. सून, पागेवाली आणि मी, तिघी जगलो.