काटा नसलेला हलवा

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. मावसबहीण सुषमा म्हणाली, "आई गेली गं प्राची..." आणि मी आधी हातातली सुई जपून डबीत ठेवली. मावशीला ते आवडलं असतं.

सुई म्हणजे आमचं संशोधन. केसाहून बारीक, मेंदूत बसवायची. तिच्यातूनच पेशींचे संदेश ऐकायचे, औषधाचा थेंब सोडायचा आणि प्रकाशही पोचवायचा. मेंदू मऊ, म्हणून सुईही मऊच हवी. पण मऊ सुई आत शिरतानाच वाकायची. वर्षभर आम्ही मेंदूऐवजी चायना ग्रासच्या जेलीत सुया टोचत होतो आणि त्या माना टाकत होत्या.

डोंबिवलीतली ही मावशी संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध. तिच्या हलव्याचा काटा बघायला बायका पार ठाण्याहून यायच्या. पुढे तिला कंपवात झाला, बोटं थरथरायला लागली आणि हलव्याची परात माळ्यावर गेली. एका रविवारी मी तिच्यापुढे सुयांचं रडगाणं गात होते. तिने मधेच विचारलं, "साखर विरघळेल ना गं मेंदूत?"

"विरघळेल की."

"मग तिला साखरेचा अंगरखा घाल. आत जाईपर्यंत ताठ, मग मऊ."

 त्या दुपारी मला जेवण सुचलं नाही.

पहिल्या सुईला काटेच काटे आले, कारण लहानपणापासून बघितलेल्या तिच्याच पद्धतीने मी थेंब थेंब पाक घातला होता. मावशी इतकी हसली की चहा सांडला. "अगं, जन्मभर काटा यावा म्हणून मरमर केली, आता येऊ नये म्हणून शिकवू? पाक गोळीबंद घे, एकदाच बुडव, हलवू नकोस." तिसऱ्या आठवड्यात सुई जेलीत सरळ उतरली. मी फोनवर ओरडले, तीही ओरडली. मग हळूच म्हणाली, "माझ्या डोक्यात कधी घालतेस?"

"बरीच वर्षं लागतील, मावशी..." खोटं बोलवेना.

"बरं. थांबते मी."

तेराव्यानंतर सुषमाने कपाटातून एक डबा काढला. "हात चालत नव्हता तिचा. बघ, एकालाही काटा नाही. टाकून देते." आत तीळ होते, एकेक वेगळा बुडवलेला, काचेसारखा गुळगुळीत. झाकणावर वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'प्राचीच्या सुईसाठी सराव'.

डबा आता प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर असतो. नव्या मुलींना पाक शिकवताना मी आधी त्यातला एक तीळ भिंगाखाली दाखवते. खायला मात्र कुणाला देत नाही.