तीन सॉफ्टवेअरचे मामा

'नाही' हा शब्द आमच्या मामांच्या तोंडून मी आयुष्यात एकदाच ऐकला. दारावर आलेला अगरबत्तीवाला असो, वर्गणी मागणारं मंडळ असो की विम्याचा एजंट, मामा म्हणायचे, "बघू ना, या पुन्हा." माणूस खूश होऊन जायचा आणि खरंच पुन्हा यायचा. या 'बघू ना'पुढे मामींनी केव्हाच हात टेकले होते. मला मात्र त्याची झळ लागली ती पुण्याची नोकरी सोडून मामांच्या सातपूरच्या गोदामात काम करायला आले तेव्हा.

मामांकडे एका पंप कंपनीची जिल्ह्याची एजन्सी होती. पंप, मोटारी, सुटे भाग यांनी गोदाम भरलेलं असे, आणि कुठं काय आहे हे मामा आणि गोदामातला जुना माणूस रामनाथ यांच्या डोक्यात असे. कंपनीला ते चालेना. द्राक्षाचा हंगाम सुरू व्हायच्या आत सगळा साठा कॉम्प्युटरवर दिसला पाहिजे, नाहीतर एजन्सीचा विचार करावा लागेल, असं त्यांनी कळवलं. मामांनी मला बोलावून घेतलं ते यासाठीच. म्हणाले, "तुला यातलं कळतं. सॉफ्टवेअर तू निवडायचं. मी फक्त चहा सांगणार."

मी तीन कंपन्यांचे डेमो ठेवले. मामांनी शब्द पाळला, फक्त चहा सांगितला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. चहा आला की मामांची चौकशी सुरू. गाव कुठलं, घरी कोण कोण, आईची तब्येत कशी आहे. कॉलेज रोडच्या कंपनीकडून आलेला मुलगा मामांच्या व्याह्यांच्या भाऊबंदांतला निघाला. पुण्याच्या कंपनीच्या मॅडमची गाडी संगमनेरला बंद पडली होती, तरी त्या एसटीने आल्या होत्या. तिसरे, इंदिरानगरचे गृहस्थ, यांनी सॉफ्टवेअरचा धंदा नुकताच सुरू केला होता. मी बारकोड काय, रॅकचे नंबर काय, असं विचारून घसा कोरडा करत होते आणि मामा पडद्याकडे न बघता माणसाकडे बघत होते.

मी पुण्याचं सॉफ्टवेअर निवडलं. मामा म्हणाले, "उत्तम. एकदम उत्तम." मग जरा थांबून म्हणाले, "त्या दोघांना कसं सांगायचं?"

"मी फोन करते की."

"फोनवर? अगं, आपल्याकडे चहा प्यायलेत ते. मी समोर बसवून सांगतो."

समोर बसवून त्यांनी काय सांगितलं ते मला सोमवारी कळलं. ऑफिसात ओळीने तीन कॉम्प्युटर मांडलेले. गोदामाचे पुढचे रॅक पुण्याच्या मॅडमना, पोटमाळा कॉलेज रोडला आणि मागची पत्र्याची शेड इंदिरानगरला. मामांनी वाटणी करून टाकली होती. "सगळ्यांचंच थोडं थोडं वापरून बघू ना," ते म्हणाले. कुणाचंही मन न मोडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

पुढचे दिवस आठवले की अजून डोकं दुखतं. माळ्यावरची मोटार खाली आणायची तर एका सॉफ्टवेअरमध्ये ती गेली असं लिहायचं आणि दुसऱ्यात ती आली असं लिहायचं. रामनाथ खांद्यावर मोटार घेऊन जिन्यात उभा राहायचा. "ताई, ही आता कोनाच्यात टाकायची? खाली नेली तं पुन्याला जाती, वर ठेवली तं कॉलेज रोडला ऱ्हाती." त्याची काही चूक नव्हती, पण मी त्याच्यावरच खेकसायची. एकदा पिंपळगावच्या दुकानदाराचा फोन आला. ऐन फवारणीत एका बागायतदाराचा पंप बंद पडला होता, सुटा भाग तातडीने हवा होता. दोन कॉम्प्युटर म्हणाले शिल्लक नाही. तिसरा म्हणाला माळ्यावर आहे, तर माळ्यावर नव्हता. शोधून सापडेपर्यंत त्या दुकानदाराने दुसरीकडून नेला.

"मामा, दोघांना नाही म्हणा."

"म्हणू ना."

"कधी?"

"बघू ना."

त्या दिवशी मी जेवणाचा डबा न उघडता घरी परत नेला.

मग कंपनीचा अधिकारी आला. तरुण, नम्र मुलगा. त्याने साधा प्रश्न विचारला, "एकूण पंप किती आहेत?" मामांनी गंभीरपणे विचारलं, "कुणाच्या हिशेबाने?" मला तोंड कुठे लपवू असं झालं. तिन्ही आकड्यांची बेरीज गोदामातल्या मालाशी जुळेना. मामांनी त्या मुलाला गाव विचारलं, घरचा चिवडा खाऊ घातला. तो छान आहे म्हणाला आणि गेला. थोड्याच दिवसांत इंग्रजीत एका ओळीची ईमेल आली. एजन्सी दुसऱ्याला दिली होती.

मामांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "असं कळवतात का गं? चिवडा खाल्ला ना त्याने आपल्याकडे? समोर येऊन सांगायचं. मी काय त्याला खाल्लं असतं?"

"समोर बसवून सांगायचं तुम्हाला तरी कुठं जमलं, मामा?" मी म्हणाले. मी फार चिडले होते.

 मग मामांनी स्वतः तिघांना फोन करून बोलावलं. चहा आला. या वेळी त्यांनी कुणाला गाव विचारलं नाही. "तुमचं काम चांगलं आहे," ते म्हणाले, "पण मला घ्यायचं नाही. कुणाचंच नाही." तो तेवढा एकदा ऐकलेला शब्द. पुण्याच्या मॅडम आणि कॉलेज रोडचा मुलगा मान हलवून उठले. इंदिरानगरचे गृहस्थ बसून राहिले. म्हणाले, "मामा, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुमच्या शेडच्या भरवशावर मी मालेगावच्या एका गोदामाचं काम सोडलं."

मामांचा चेहरा मला अजून दिसतो. एजन्सी गेली तेव्हाही तो इतका उतरला नव्हता.

पुढे गोदाम विकावं लागलं, आणि आता मामाही नाहीत. मी अंबडला एका कारखान्यात साठ्याचं काम बघते. सॉफ्टवेअर विकणारे माझ्याकडेही येतात, आणि जे घ्यायचं नाही ते मी फोनवर सांगत नाही, ईमेलवर तर नाहीच. समोर बसवते, चहा सांगते आणि त्यांचा कप रिकामा व्हायच्या आत सांगून टाकते. ऑफिसात मला फटकळ म्हणतात. म्हणू देत. मामांचा राग मला अजून येतो, आणि तो बहुतेक वेळा समोरचा माणूस "ठीक आहे मॅडम" म्हणून शांतपणे उरलेला चहा पितो तेव्हाच येतो.