धुक्यातली हजेरी

जयपूरला मी किल्ले पाहायला गेलो होतो. पण पहिल्याच सकाळी धुकं असं दाटलं होतं की किल्ला राहू द्या, हातातली प्याज कचोरी (कांद्याचं सारण भरलेली, तळहाताएवढी) मला वासावरून शोधावी लागली.

माझी मावसबहीण सुनंदा वीस वर्षं इथल्या कॉलेजात शिकवते. राहायला प्रताप नगरात. ती म्हणाली, "दादा, किल्ला कुठे पळत नाही. आज माझ्याबरोबर शाळेत चल. मी शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते ती शाळा. मतलब, आज ती राहते की जाते ते ठरणार आहे."

मी निघालो. खरं सांगतो, वाटेत दुसरी कचोरी मिळेल म्हणून निघालो.

रिक्षा गोपालपुऱ्याच्या बायपासवर आली आणि धुक्यातून चेहरे बाहेर येऊ लागले. दोन-दोन मजली चेहरे. सगळे तरुण, सगळे हसणारे, सगळ्यांचे डोळे आमच्या रिक्षेवर. कोचिंग क्लासच्या जाहिरातींवरची हुशार मुलं होती ती. पण खांब आणि इमारती धुक्यात बुडाल्यामुळे नुसती मुंडकीच तरंगत होती. "इथे एवढी मुलं शिकतात?" मी विचारलं. रिक्षावाले भैया म्हणाले, "साहब, यहाँ तो हवा भी ट्यूशन पढ़ती है."

त्या चेहऱ्यांच्या मागच्या गल्लीत शाळा होती. सुनंदा रिक्षावाल्याशी बोलत मागे राहिली आणि मी एकटाच फाटकातून आत शिरलो. अंगात आदल्या दिवशी घेतलेला नवाकोरा बंद गळ्याचा कोट. व्हरांड्यातून शाल लपेटलेल्या एक बाई धावत आल्या आणि हात जोडून थेट बोलायलाच लागल्या, "सर, मुलं कमी आहेत म्हणून आम्हाला मर्ज (दुसऱ्या शाळेत विलीन) करू नका. ती शाळा बायपासच्या पलीकडे आहे. पहिलीतलं पोर तो रस्ता कसा ओलांडणार? माझी अर्धी मुलं घरीच बसतील."

मला अधिकारी समजल्या होत्या. आणि मी नालायक माणूस, "हं... बघू" म्हणालो. म्हटलं ना, कोट नवा होता. मग सुनंदा आली, मुख्याध्यापिका कमलाजींशी माझी ओळख झाली आणि मला धुकं फार उपयोगी वाटलं.

थोड्या वेळाने खरे अधिकारी आले. कानटोपी, हातात यादी, शिंका. "हाजिरी लीजिए," एवढंच म्हणाले आणि व्हरांड्यात उभे राहिले.

प्रार्थना संपली होती. समोरच्या मैदानात पहिली रांग जेमतेम दिसत होती. तिच्यामागे नुसता पांढरा पडदा. कमलाजी एकेक नाव घेत होत्या आणि पडद्यातून बारीक आवाज येत होता. "उपस्थित." "उपस्थित." मध्येच, "है." पुन्हा, "है." आवाज लहानच, पण जमिनीतून आल्यासारखा सपाट. प्रत्येक आवाजाला अधिकारी एक टिक करत होते. मी सहज पुढे सरकून पडद्यात डोकावलो. मागच्या रांगांत निम्म्या जागी कोणी नव्हतंच. जमिनीवर चुन्याची वर्तुळं होती, प्रत्येकात एक नाव. मुलं आपापल्या वर्तुळात उभी होती. रिकाम्या वर्तुळांत धुकं उभं होतं. आणि तिथूनही "है" येत होतं.

"ठीक है," अधिकारी म्हणाले. "संख्या पूरी है. स्कूल रहेगा."

सुनंदाने माझा दंड दाबला. मी मनात कमलाजींना म्हणालो, बाई, आता तोंड उघडू नका. कमलाजींनी एकदा मैदानाकडे पाहिलं.

"नहीं, सर. जो आए हैं, वे 'उपस्थित' बोलते हैं. जो नहीं आए, उनका 'है' बगल वाला बोलता है. रजिस्टर में मैं उन्हें गैरहाज़िर ही लिखती हूँ."

"तो बुलवाती क्यों हैं?"

"नाम के पीछे सन्नाटा आए, तो छोटे बच्चे डरते हैं."

अधिकारी मैदानात उतरले. दोन रांगा ओलांडून थांबले. एक दुपट्टेवाली चिमुरडी म्हणाली, "सर, आप इमरान पे खड़े हो."

साहेब असे बाजूला उडाले की कानटोपी तिरकी झाली. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"कहाँ है इमरान?"

"घर पे. उसके अब्बू ने फाटक पढ़ लिया."

आम्ही सगळे फाटकापाशी गेलो. बाहेरच्या बाजूला शाळेच्या जुन्या नावावर पांढऱ्या रंगाचा हात मारून बायपासपलीकडच्या शाळेचं नाव लिहिलेलं होतं. मघाशी मी त्याच्याखालूनच आलो होतो. कमलाजी म्हणाल्या, "दिवाळीनंतर पेंटर आला. म्हणाला, वरून निरोप आहे. लोकांनी वाचलं आणि मुलं यायची थांबली."

"पर आदेश तो निकला ही नहीं," अधिकारी हळूच म्हणाले.

"आदेश नहीं निकला, सर. पेंटर निकल गया."

साहेबांनी यादीवरच्या सगळ्या खुणा खोडल्या. "पुराना नाम लिखवाइए. पंद्रह दिन बाद आऊँगा. तब गोले देखूँगा, आवाज़ नहीं सुनूँगा."

पेंटर मिळेना. दुपारी मीच स्टुलावर चढलो. गणेशोत्सवातल्या नाटकांचे पडदे रंगवल्याचा पूर्वानुभव! कोटाची बाही निळी झाली. मी 'प्राथमिक'पर्यंत पोचलो, तेव्हा एक माणूस मोटारसायकल थांबवून एकेक अक्षर वाचत होता. "खुल गया क्या?" त्याने विचारलं. "बंद कब हुआ था, भाईसाहब?" मी वरूनच म्हणालो. तो गाडी वळवून घराकडे गेला.

किल्ले राहूनच गेले. घरी परतल्यावर सुनंदाचा फोन आला. बहुतेक वर्तुळं भरली, शाळा राहिली. इमरान मात्र नाही आला. तोवर घर बदलून त्याचं कुटुंब कुठेतरी निघून गेलं होतं.

त्याच आठवड्यात आमच्या गावात पुतण्याचं लग्न होतं. कार्यालय म्हणजे मी चौथीपर्यंत शिकलो ती शाळा. तिथे मी आजवर चार लग्नं जेवलोय, मठ्ठ्याला नावं ठेवलीयत. या वेळी प्रथमच मॅनेजरला विचारलं, "शाळा बंद करायचं कधी ठरलं हो?"

तो म्हणाला, "ते काही ठाऊक नाही, काका. आम्ही आलो तेव्हा रंग देऊन झाला होता. बसा ना, पान वाढलंय."

मी बसलो. वाढपी नाव विचारत नव्हते, तरी मला उगाच वाटत राहिलं की आता कोणीतरी हजेरी घेईल, आणि माझ्या शेजारचा 'आहे' म्हणेल.